प्रचार ओळखायला शिकायचंय? सीमाभागातल्या नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला प्रचार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १ नोव्हेंबरला शहराच्या एका भागातून महाराष्ट्रात यायची मागणी करणाऱ्या मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाची मूक सायकल फेरी निघते, तर चन्नम्मा चौकात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे फडकत असतात. दोन्हीकडचे फ्लेक्स आठवडाभर आधी लागतात, दोन्हीकडची गाणी लाऊडस्पीकरवर वाजतात. एवढं डोळ्यांसमोर असूनही या विषयावर काही वाचू म्हटलं की गाडी अडते. इंटरनेटवर शोधलं तर पन्नास पुस्तकांची यादी मिळते. त्यातली निम्मी अमेरिकेवर, उरलेली हिटलरवर. कुठलं आधी, कुठलं नंतर आणि कुठलं नाही वाचलं तरी चालेल, हे काही ती यादी सांगत नाही. म्हणून हा क्रम देतोय. तो माझा आहे, दुसरा कुणी वेगळा लावेल.

आधी एक अट. प्रत्येक पुस्तक वाचताना शेजारी एक वही ठेवायची. डाव्या पानावर समोरच्या बाजूचा प्रचार, उजव्या पानावर आपल्या बाजूचा. वाचलेली युक्ती आधी उजव्या पानावर शोधायची, म्हणजे आपल्या पक्षात, आपल्या समितीत, आपल्या गल्लीतल्या मंडळात. डावं पान आपोआप भरतं, त्याला पुस्तक लागत नाही. ही अट पाळायची नसेल तर पुढचं वाचून फार काही हाती लागणार नाही. विरोधकाला हाणायला चार इंग्रजी शब्द मिळतील, इतकंच.

पहिलं पुस्तक बारीक असावं

एडवर्ड बर्नेजचं ‘प्रोपगंडा’ १९२८ साली आलं. पानं थोडी, भाषा सोपी. बर्नेज हा सिग्मंड फ्रॉइडचा भाचा आणि अमेरिकेतल्या जनसंपर्क धंद्याच्या मूळपुरुषांपैकी एक. लोकांची मतं पडद्याआडून घडवणारी माणसं लोकशाहीत असतातच आणि असायलाच हवीत, असं तो पहिल्याच प्रकरणात उघड लिहितो. त्याचा हा बेधडकपणाच नव्या वाचकाच्या कामाचा. टीकाकारानं आरोप करण्याआधीच आरोपी कबुली देऊन मोकळा झालेला असतो.

पुस्तकाला जोडून त्याचा एक उद्योग माहीत करून घ्या. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी चारचौघांत सिगारेटी पेटवल्या. त्या काळी बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं शोभत नसे. या सिगारेटी म्हणजे ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ अशी घोषणा तयार होती, छायाचित्रकारांना आगाऊ खबर होती. मागून पैसा होता तो तंबाखू कंपनीचा. ती जाहिरात असूनही वर्तमानपत्रांत बातमी म्हणून छापून आली. आता जूनमधलं आपल्याकडचं वह्यावाटप आठवा. वह्या थोड्या, फोटोत माणसं जास्त, आणि मान्यवरांच्या नावांसकट बातमी आयोजकांनीच टाइप करून धाडलेली. दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी छापून येते. वहीच्या उजव्या पानाची सुरुवात इथून करायला हरकत नाही.

बर्नेज वाचताना सावध मात्र राहा. आपल्या पराक्रमाच्या बऱ्याच कथा त्यानं स्वतःच सांगितल्यात. आपलं १९२३ चं पुस्तक गोबेल्सच्या संग्रहात होतं, हेसुद्धा आपल्याला १९६५ च्या त्याच्याच आत्मचरित्रातून कळतं, आणि तेही एका पत्रकाराच्या हवाल्यानं. तो स्वतःचा धंदा विकत होता. या पुस्तकाकडेही प्रचाराचा नमुना म्हणून बघता आलं, तर पहिला धडा झाला.

मग लिपमनचं फक्त पहिलं प्रकरण

अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमनचं ‘पब्लिक ओपिनियन’ १९२२ चं, म्हणजे बर्नेजच्या आधीचं. तरी वाचायचं नंतर, कारण ते जड आहे. सगळं वाचायचा हट्ट धरू नका. पहिलं प्रकरण मात्र दोनदा वाचा.

त्याची सुरुवात एका बेटापासून होते. १९१४ साल आहे. बेटावर काही इंग्रज, काही फ्रेंच, काही जर्मन राहतात. तार नाही, टपालाची बोट साठ दिवसांतून एकदा येते. सप्टेंबरच्या मध्यात बोट येते तेव्हा कळतं की युरोपात युद्ध सुरू होऊन सहा आठवड्यांवर दिवस उलटून गेलेत. एवढे दिवस ही माणसं एकमेकांशी मित्रासारखी वागत होती आणि कायद्यानं शत्रू होती. माणूस प्रत्यक्ष जगाशी व्यवहार करत नाही, डोक्यातल्या चित्राशी करतो, हे लिपमनचं म्हणणं या एका गोष्टीत आलं.

आपल्याकडे बोट साठ दिवसांनी येत नाही, साठ सेकंदांत येते. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरूतल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकल्याचा व्हिडिओ बेळगावात पोहोचला. रात्री लोक रस्त्यावर उतरले, वाहनांवर दगड पडले, अनगोळमध्ये कन्नड स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. मग त्याचे फोटो उलट्या दिशेनं कर्नाटकभर फिरले. बंगळुरू इथून पाचशे किलोमीटर. तिकडची घटना इकडच्या कुणी बघितलेली नव्हती, इकडची तिकडच्या कुणी नाही. दोन्हीकडे राग खरा होता. ज्यावर राग धरला ते मात्र फोनच्या पडद्यावरचं काही सेकंदांचं चित्र होतं. लिपमनचं प्रकरण हातात घेऊन त्या दोन दिवसांचा विचार करा. कोण बरोबर, कोण चूक हा प्रश्न घडीभर बाजूला ठेवा. कुणाला काय, कधी आणि किती कळलं होतं, एवढंच मांडून बघा. वाटतं तितकं सोपं नाही ते.

सात युक्त्या, आणि राजहंसगड

१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचं विश्लेषण करणारी एक संस्था निघाली: इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस. शाळा-कॉलेजांसाठी ती पत्रकं काढायची. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये संस्था बंद पडली. आपलंच सरकार प्रचार करू लागल्यावर अशी संस्था कुणाला परवडणार! पण तिनं केलेली सात युक्त्यांची यादी अजून चालते, आणि जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडते. आपल्या भाषेत सांगायचं तर: समोरच्यावर शिक्का मारणं, गोड पण मोघम बोलणं, दुसऱ्याचा मान आपल्याकडे ओढून घेणं, मोठ्या माणसाची साक्ष काढणं, ‘मी तुमच्यातलाच’ म्हणणं, सोयीचे पत्ते तेवढे दाखवणं, आणि ‘सगळे निघाले, तुम्हीच मागे’ असं भासवणं.

यातल्या पाचांना उदाहरणं तुमची तुम्हाला मिळतील. पुढाऱ्यानं शेतात उतरून चिखलात काढलेला फोटो कुठल्या खान्यात बसतो, हे मी सांगायला नको. दोन युक्त्यांवर मात्र इथं थांबायला हवं.

एक, मान ओढून घेणं. २०२३ च्या मार्चमध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. दोनदा झालं. २ मार्चला भाजपचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांच्या हस्ते, आणि तीनच दिवसांनी स्थानिक काँग्रेस आमदारांच्या पुढाकारानं पुन्हा. पुतळा एकच, गड एकच, महाराज तेच. एकदा अनावरण झालेला पुतळा पुन्हा झाकलेला नसतो, तरीही सोहळा होतो, कारण पुतळा उघडणं हा मुद्दाच नसतो. महाराजांबद्दलचा जो आदर लोकांच्या मनात आहे तो आपल्या मंचापर्यंत आणायचा असतो. आणि मतदार मराठी आहे, हे दोन्ही राष्ट्रीय पक्षांना पक्कं ठाऊक असतं. या प्रसंगाची दोन्ही दिवसांची छायाचित्रं शोधून शेजारी शेजारी ठेवा. मंचावर मागे कोण, पुढे कोण, भगवा किती आणि पक्षाचा रंग किती, एवढं बघितलं तरी युक्ती डोळ्यांना दिसते.

दुसरी, सोयीचे पत्ते. इथं सीमावादावर तोडगा सुचवायला नेमलेल्या महाजन आयोगाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण यात दोन्ही बाजू सापडतात. आयोग नेमला गेला १९६६ च्या ऑक्टोबरात, अहवाल आला १९६७ मध्ये. कर्नाटकाच्या बाजूचं भाषण ऐकलं तर ‘महाजन अहवाल अंतिम’ हे वाक्य हमखास येतं. पण त्याच अहवालानं निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं म्हटलंय, हे त्या भाषणात येत नाही. आता आपल्या सभा. अहवाल अन्यायकारक, बेळगाव नाकारलं, हे कानीकपाळी ऐकलेलं असतं. पण आयोग नेमा हा आग्रह महाराष्ट्राचा होता, सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केलं होतं, हे किती सभांतून ऐकलंत? अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरसह २४७ गावं कर्नाटकाला द्यायची शिफारसही त्यातच आहे, हे सोलापूरकडच्यांना ठाऊक असतं, आपल्याला क्वचित. यात कुणीच खोटं बोललेलं नाही. प्रत्येक वाक्य खरं आणि सगळं मिळून अर्धं. नवा वाचक प्रचार म्हणजे खोटं असं धरून चालतो आणि नेमका इथं फसतो.

अहवालाच्या निकालाबद्दल तुमचं मत काय असावं, याच्याशी या लेखाचा संबंध नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण मत बाळगायचं तर दोन्ही याद्या माहीत असाव्यात.

वर्तमानपत्र घेऊन बसायचं ते तिसऱ्या पुस्तकाबरोबर

एडवर्ड हर्मन आणि नोम चॉम्स्की यांचं ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’, १९८८. जाडजूड आहे. पुढची प्रकरणं एल साल्वाडोर, ग्वाटेमाला, व्हिएतनाम, कंबोडियाबद्दल आहेत, ती ज्याला रस आहे त्यानं वाचावीत. आपल्याला हवं ते पहिलं प्रकरण. बातमी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी पाच चाळण्यांतून जाते असं त्यांचं म्हणणं: मालक कोण, जाहिरात कुणाची, माहिती कुठून येते, छापलं तर त्रास कोण देईल, आणि त्या काळच्या अमेरिकेपुरती पाचवी, साम्यवादाचा बागुलबुवा.

एक स्थानिक अंक घ्या, लाल पेन घ्या. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती मोजा आणि ज्यांचा वाढदिवस आहे त्यांच्याविरुद्ध गेल्या महिन्यात काही छापून आलं का ते बघा. प्रत्येक बातमीच्या शेवटच्या ओळीवरून ती पत्रकार परिषदेतून आली, पोलिसांकडून आली, प्रसिद्धीपत्रकातून आली की वार्ताहर स्वतः जाऊन आला, हे लिहून काढा. शेवटच्या प्रकारच्या बातम्या थोड्याच निघतात. त्यात वार्ताहराला दोष द्यायचं कारण नाही, पाच गावांना एकच माणूस असतो.

चॉम्स्कीशी माझं एक भांडण आहे. त्यांचं प्रतिमान मोठ्या भांडवली, एकाच भाषेतल्या माध्यमांवर बेतलेलं. आपल्याकडे एकाच शहरात मराठी आणि कन्नड अशी दोन वृत्तसृष्टी नांदतात, आणि इथं सगळ्यात बारीक चाळण मालक किंवा जाहिरातदार लावत नाही, वाचक लावतो. सीमाप्रश्नावर थोडं वेगळं लिहिलं की दुसऱ्या दिवशी अंक बंद करायचे फोन येतात. मराठी पत्राला मराठी वाचकाचे, कन्नड पत्राला कन्नड वाचकाचे. या चाळणीचं स्वतंत्र प्रकरण त्या पुस्तकात नाही. ते आपल्यालाच वहीत लिहायचंय.

त्याचा सराव असा. २ नोव्हेंबरचं एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र घ्या. कन्नड येत नसेल तर शेजारच्या अण्णांकडून वाचून घ्या, ते आनंदानं वाचून दाखवतील. मुलांना तर शाळेत कन्नड असतंच. आधी मजकूर सोडा, छायाचित्रं बघा. गर्दी गच्चीवरून टिपली की जमिनीवरून? जमिनीवरून जवळून काढली की पन्नास माणसंही रस्ता भरल्यासारखी दिसतात, आणि वरून काढल्यावर रिकाम्या कडा दिसतात. आपला मोर्चा कुठून टिपलाय, त्यांची मिरवणूक कुठून? मग आकडे: ‘हजारो’ कुठं आलंय, ‘काही कार्यकर्ते’ कुठं? मग दुसऱ्या बाजूचा कार्यक्रम कितव्या पानावर गेलाय, की गेलाच नाही? पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा अभ्यास घरबसल्या करता येत नाही. आपल्याला दोन अंकांच्या किमतीत होतो.

घरचं कपाट

आता परदेशी पुस्तकं काही दिवस बाजूला. बेळगावात असं काही घडून गेलंय की प्रचाराच्या अभ्यासकानं इथं मुद्दाम यावं. १९२४ च्या डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. त्याच वेळी इथं कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली आणि ‘उदयवागली नम्म चेलुव कन्नड नाडु’ हे हुइलगोळ नारायणरावांचं गीत गायलं गेलं. पुढं १९४६ मध्ये याच शहरात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही चळवळींनी आपला सूर याच गावात लावला. मराठी घरात पहिली गोष्ट सांगत नाहीत, कन्नड घरात दुसरी.

म्हणून वाचताना जोडी लावा. मराठीत लालजी पेंडसे यांचं ‘महाराष्ट्राचे महामंथन’: चळवळीच्या आतल्या माणसानं, चळवळीच्या बाजूनं लिहिलेलं, तपशिलानं भरलेलं. त्याच्यासोबत य. दि. फडके यांचं १९७९ चं इंग्रजी पुस्तक ‘पॉलिटिक्स अँड लँग्वेज’. इतिहासकाराचा थंड हात त्यात दिसतो. आणि कन्नड वाचणारा मित्र असेल तर कर्नाटक एकीकरणाचे नेते आलूर वेंकटराव यांच्या ‘कर्नाटक गतवैभव’मधली काही पानं त्याच्याकडून समजून घ्या. गेलेल्या साम्राज्याची आठवण करून देऊन आजच्या माणसाला उभं करायचं, हे तंत्र तिथं दिसलं की ओळखीचं वाटेल. फक्त राजे निराळे.

गाणी आणि वृत्तपत्रं विसरू नका. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला ‘मराठा’ दैनिक काढलं ते चळवळीसाठीच. अत्र्यांचं शिक्का मारण्याचं कसब अव्वल होतं. आपण ते वाचून पोट धरून हसतो, म्हणून त्याला प्रचार म्हणायला जीभ धजत नाही. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ऐका. मुंबईत आलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोसाठी झुरतो आणि त्या झुरण्यातूनच खंडित महाराष्ट्राची गोष्ट पुढं येते. विरहाचं दुःख खरं, राज्याची मागणीही खरी, पण एकाची ओल दुसऱ्याला कशी मिळते ते बघा. तेही मान ओढून घेण्याचंच भावंड, पण राजहंसगडाच्या मंचापेक्षा किती सरस हातानं केलेलं! प्रचार उत्तम कलाही असू शकतो, हे मान्य करायला नव्या वाचकाला जड जातं. मला तरी ‘माझी मैना’ उजव्या पानावर लिहायला लागते, आणि लिहूनही ती आवडायची थांबत नाही.

जे नंतर वाचावं, आणि जे टाळलं तरी चालेल

झाक एलुल या फ्रेंच विचारवंताचं ‘प्रोपगंडा’ मूळ फ्रेंचमध्ये १९६२ चं. बाकी सगळं झाल्यावरच हातात घ्या. त्याचा एक मुद्दा मात्र आजच ऐकून ठेवा: प्रचाराला सगळ्यात लवकर बळी पडतो तो शिकलेला माणूस. तो दुसऱ्याकडून आलेली माहिती सगळ्यात जास्त वाचतो, प्रत्येक विषयावर आपलं मत असलंच पाहिजे असं त्याला वाटतं, आणि आपण फसणार नाही अशी त्याची खात्री असते. हे वाचून राग आला तर पुस्तक योग्य वेळी हातात आलं असं समजा. शेजारी मिळालं तर व्हिक्टर क्लेम्पररचं १९४७ चं नाझी भाषेवरचं टिपण ठेवा. ड्रेस्डेनमधला हा ज्यू प्राध्यापक, नोकरी गेल्यावर, रोजच्या बोलण्यात सरकारी शब्द कसे झिरपतात ते चोरून डायरीत टिपत राहिला.

आर्थर पॉन्सनबीचं ‘फॉल्सहूड इन वॉर-टाइम’ हे १९२८ चं, पहिल्या महायुद्धातल्या अफवांचा संग्रह. एका बैठकीत होतं, मजा येते. गुस्ताव ल बाँचं १८९५ चं गर्दीवरचं पुस्तक सगळे सुचवतात. मी सुचवत नाही. गर्दी म्हणजे बुद्धी गहाण टाकलेला जमाव, असं तो आधीच ठरवून बसलाय. त्या चष्म्यातून मोर्चातला शेतकरी माणूस म्हणून दिसतच नाही. हिटलरचं आत्मचरित्र बसस्टँडवरच्या दुकानातही मिळतं. त्यातली प्रचारावरची प्रकरणं इतर पुस्तकांत हवी तेवढी उद्धृत झालीत, पैसे वाचवा.

पुस्तकं मिळवायची कुठून? मराठी पुस्तकांसाठी आधी गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय बघा. कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगावच्या साहित्य संमेलनांत स्टॉल लागतात, तिथं जुनी चळवळीची पुस्तकं कधी कधी निघतात. लिपमनचं पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. इंग्रजी जड जात असेल तर गटानं वाचा: चौघं-पाच जण, एक प्रकरण, एक संध्याकाळ. एकानं मोठ्यानं वाचायचं आणि परिच्छेद संपला की मराठीत सांगायचं. गटात एखादा कन्नड भाषक मित्र असावा, आणि भिन्न पक्षांची किमान दोन माणसं. प्रत्येकानं आठवडाभरात फोनवर आलेला एक फॉरवर्ड आणायचा, तोही ज्यावर आपला स्वतःचा विश्वास बसला होता असाच. पहिल्या बैठकीला हे कुणी आणत नाही, सगळे समोरच्या पक्षाचेच आणतात. तेव्हा ते बाजूला ठेवून बर्नेजचं पहिलं प्रकरण वाचायला घ्या आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवून उठा.